सेवा आणि प्रसिद्धी : सेवा क्लबांच्या जनसंपर्काची शंभर वर्षे

उजव्या हाताने दिलेले दान डाव्या हातालाही कळू नये, अशी शिकवण आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. गुप्तदानाला सर्वश्रेष्ठ मानण्याची आपली परंपरा आहे आणि ती योग्यच आहे. कारण दात्याचा अहंकार वाढला की दानाचे मोल उणावते. परंतु व्यक्तीचे दान आणि संस्थेची सेवा यांत एक महत्त्वाचा भेद आहे. नेत्रशिबिर भरणार आहे ही वार्ता मोतीबिंदूने अंधुक झालेल्या वृद्धेच्या घरापर्यंत पोहोचली नाही, तर ते शिबिर कितीही उत्तम भरले तरी तिच्यापुरते ते भरलेच नाही असे म्हणावे लागेल. रक्तपेढीत रक्त आहे हे रुग्णाच्या नातेवाइकांना ठाऊक नसेल, तर त्या रक्ताचा उपयोग काय? सेवा लपवून ठेवली तर गरजूंना ती सापडत नाही आणि तिचा गवगवा केला तर समाजाला तिच्या हेतूविषयी शंका येते. या दोन टोकांच्या मध्ये वाट कशी काढावी, हा प्रश्न प्रत्येक सेवाभावी संस्थेपुढे कधी ना कधी उभा राहतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारतातील गावोगावी पोहोचलेल्या रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबांना या प्रश्नाला वारंवार सामोरे जावे लागले. स्थानिक स्वयंसेवकांच्या लहान लहान गटांनी समाजाशी संवाद साधण्यासाठी कोणती साधने वापरली, त्यांतली कोणती टिकली आणि का टिकली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

एका काळाची तीन अपत्ये

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने आपल्या तीन व्यावसायिक मित्रांसह एक बैठक घेतली आणि त्यातून रोटरी क्लबचा जन्म झाला. बैठका आळीपाळीने एकेका सदस्याच्या कार्यालयात होत, म्हणून या मंडळाला फिरत्या क्रमाचे द्योतक असे हे नाव मिळाले. योगायोग असा की, त्याच वर्षी १२ जून रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. या दोन संस्थांचे स्वरूप सर्वस्वी भिन्न होते. एक व्यावसायिकांच्या स्नेहातून जन्मली, तर दुसरी देशकार्याला आयुष्य वाहणाऱ्या कार्यकर्त्यांची होती. तरीही नागरिकांनी संघटित होऊन लोकसेवा करावी, ही त्या काळातली प्रेरणा दोहोंना स्पर्शून गेली होती.

त्याच सुमारास अमेरिकेत जनसंपर्क हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून आकाराला येत होता. आयव्ही ली यांनी १९०६ साली वृत्तपत्रांसाठी आपल्या कामाच्या तत्त्वांचे निवेदन प्रसृत केले. आपले काम उघडपणे चालेल आणि दिलेली माहिती अचूक असेल, असा त्याचा आशय होता. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात याच ली यांनी अमेरिकन रेडक्रॉसच्या प्रसिद्धीचे काम पाहिले. सेवा, संघटना आणि जनसंपर्क ही अशी एकाच काळाची अपत्ये आहेत.

रोटरीचा आरंभ मात्र सेवेसाठी झाला नव्हता. परस्परांच्या व्यवसायाला हातभार लावणे आणि महानगरातील एकाकीपणावर स्नेहाचा उतारा शोधणे, एवढाच मूळ हेतू होता. क्लबचे पहिले महत्त्वाचे लोककार्य म्हणजे शिकागोतील सार्वजनिक स्वच्छतागृह! त्या काळी शहराच्या मध्यवर्ती भागात आलेल्या पुरुषाला दारूच्या गुत्त्याचा, तर स्त्रीला मोठ्या दुकानाचा आसरा घ्यावा लागे. सार्वजनिक सोय झाली तर गिऱ्हाईक तुटेल, या भीतीने मद्यव्यावसायिकांनी आणि दुकानदारांनी विरोध केला. क्लबने १९०७ पासून शहरातील इतर संस्थांना एकत्र आणले, नगरप्रशासनाकडे पाठपुरावा केला आणि १९०९ साली ते स्वच्छतागृह उभे राहिले. क्लबला स्वतःची इमारत उभारायची नव्हती की नावाची पाटी लावायची नव्हती. लोकांची एक अडचण लोकांसमोर मांडायची आणि तिच्याविषयी जनमत तयार करायचे, हेच त्या कार्याचे स्वरूप होते. सेवा क्लबांच्या जनसंपर्काचा हा पहिला धडा म्हणता येईल.

मासिक, चाक आणि उपहास

क्लब वाढू लागले तसे परस्परांना जोडणारे साधन हवेसे झाले. जानेवारी १९११ मध्ये ‘द नॅशनल रोटेरियन’ हे नियतकालिक निघाले. पॉल हॅरिस यांचा एक वैचारिक लेख सर्व क्लबांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे निमित्त होते. दीर्घकाळ सरचिटणीसपद सांभाळणारे चेस्ली पेरी यांनी त्याच्या संपादनाची धुरा वाहिली. पुढल्याच वर्षी ते ‘द रोटेरियन’ झाले. मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ साली शिकागोतच लायन्स क्लबांची संघटना उभी राहिली आणि तिनेही वर्षभरानंतर आपले मासिक सुरू केले.

मासिकाच्या जोडीला बोधचिन्ह आले. शिकागो क्लबचे सदस्य असलेल्या माँटेग्यू बेअर या कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने आरंभी गाडीच्या साध्या चाकाचे चित्र काढून दिले होते. पुढे त्यात अनेक फेरफार होत १९२४ च्या सुमारास चोवीस दात्यांचे, सहा आऱ्यांचे चाक निश्चित झाले. नुसते चाक शोभेचे ठरेल, यंत्राला शक्ती पुरवणारे चाक हवे, म्हणून मध्यभागी खाच देण्यात आली. कोटावरचा बिल्ला, गावाच्या वेशीवरचा फलक, बैठकीतला ध्वज अशा अनेक रूपांनी हे चिन्ह लोकांच्या नजरेसमोर राहू लागले.

या साधनांची एक मर्यादा होती. मासिक सदस्यच वाचत, बिल्ला सदस्यच लावत आणि बाहेरच्या जगाला दिसत असे ते साप्ताहिक भोजन, सामूहिक गाणी आणि परस्परांची स्तुती. या दृश्याची टर उडवणारे लेखक लवकरच पुढे आले. सिंक्लेअर लुईस यांच्या १९२२ च्या ‘बॅबिट’ या कादंबरीत ‘बूस्टर्स क्लब’ नावाच्या अशाच एका मंडळाचे बोचरे चित्रण आहे. पत्रकार एच. एल. मेंकेन यांनीही या मंडळींना आपल्या उपहासाचे लक्ष्य केले. क्लब स्वतःविषयी काय सांगतो यावर त्याची प्रतिमा ठरत नाही; ती शेजारपाजारच्यांना काय दिसते यावर ठरते, याची जाणीव या टीकेने करून दिली.

याच संदर्भात आणखी एका घटनेचा उल्लेख येथेच करणे उचित ठरेल. विश्वबंधुत्वाची भाषा बोलणाऱ्या या संघटनांनी स्त्रियांना दीर्घकाळ सदस्यत्व दिले नव्हते. कॅलिफोर्नियातील डुआर्टे येथील क्लबने स्त्रियांना प्रवेश दिला, तेव्हा १९७८ साली त्या क्लबचीच मान्यता काढून घेण्यात आली. अखेर ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी लायन्सनेही आपली दारे उघडली. जोवर आचरण बदलले नव्हते, तोवर कोणतेही प्रसिद्धिपत्रक ही विसंगती झाकू शकले नाही.

पांढरी काठी

उपहासाला खरे उत्तर मिळाले ते एका काठीने. जून १९२५ मध्ये ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथे भरलेल्या लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी भाषण केले. अंधांच्या अंधाराविरुद्ध लढणारे शिलेदार व्हा, असे आवाहन त्यांनी केले. लायन्सने ते स्वीकारले आणि तेव्हापासून नेत्रसेवा ही या संघटनेची ओळख बनली. अनेक कार्यांत विखुरलेल्या संघटनेला एक ठळक कार्य लाभले, की लोकांच्या मनात तिचे स्थान किती लवकर निश्चित होते, याचे हे उदाहरण होय.

पुढची गोष्ट इलिनॉय राज्यातील पिओरिया या गावची. तेथील लायन्स क्लबचे जॉर्ज बॉनहॅम यांनी एका अंध गृहस्थाला वाहनांच्या गर्दीतून रस्ता ओलांडण्याची धडपड करताना पाहिले. त्यांच्या हातातली काठी काळी होती आणि काळ्या रस्त्याच्या पार्श्वभूमीवर मोटारचालकांना ती दिसत नव्हती. काठीला पांढरा रंग द्यावा आणि वर तांबडा पट्टा ओढावा, अशी साधी कल्पना बॉनहॅम यांना सुचली. क्लबने अशा काठ्या तयार करून गावातील अंधांना वाटल्या. पांढरी काठी हाती असलेल्यास वाहनांनी वाट द्यावी, असा नियम डिसेंबर १९३० मध्ये गावाच्या नगरसभेने केला आणि मग ही कल्पना इतर क्लबांनी व राज्यांनी उचलून धरली.

या कल्पनेवर कोणा एकाचा हक्क सांगता येणार नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जेम्स बिग्ज यांनी अपघाताने दृष्टी गेल्यावर १९२१ सालीच आपली काठी पांढरी रंगवली होती. १९३१ मध्ये पॅरिसमध्ये एका सेवाभावी महिलेच्या पुढाकाराने अंधांना पांढऱ्या काठ्या देण्यात आल्या. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये अशा काठ्यांच्या प्रसाराला रोटरी क्लबांनी हातभार लावला. उल्लेखनीय बाब अशी की, काठी रंगवणे हा या कार्याचा निम्माच भाग होता. पांढऱ्या काठीचा अर्थ प्रत्येक वाहनचालकाला, पोलिसाला आणि पादचाऱ्याला समजावून सांगणे हा उरलेला, अधिक अवघड भाग होता. अर्थ न समजता दिलेली काठी म्हणजे रंगवलेले लाकूड! म्हणूनच या कार्यात जनसंपर्क हाच सेवेचा गाभा ठरला. भित्तिपत्रक, वर्तमानपत्रातील टिपण, शाळेतील व्याख्यान यांपैकी जे जे साधन वापरले गेले, त्याचा थेट लाभ रस्ता ओलांडणाऱ्या अंध व्यक्तीला झाला. काठीवर क्लबचे नाव असण्याची गरजच नव्हती.

चार प्रश्नांची कसोटी

१९३२ साल अमेरिकेत भीषण मंदीचे होते. शिकागोतील ॲल्युमिनियमची भांडी विकणारी एक कंपनी कर्जात बुडाली होती आणि तिला सावरण्याची जबाबदारी हर्बर्ट टेलर यांनी स्वीकारली. आपल्या कर्मचाऱ्यांसाठी त्यांनी चार छोटे प्रश्न लिहून काढले. जे आपण विचारात घेतो, बोलतो वा करतो ते सत्य आहे काय, सर्व संबंधितांना न्याय्य आहे काय, त्यातून सद्भाव व मैत्री वाढेल काय आणि ते सर्वांच्या हिताचे आहे काय, असा त्यांचा आशय. या कसोटीचा पहिला फटका कंपनीच्या जाहिरातींनाच बसला. ‘सर्वोत्तम’, ‘सर्वश्रेष्ठ’ अशी सिद्ध करता न येणारी विशेषणे टेलर यांनी जाहिरातींतून काढून टाकली आणि वस्तूची खरी माहिती तेवढी ठेवली. कंपनी सावरली. १९४३ साली रोटरीने ही कसोटी अधिकृतपणे स्वीकारली.

आज ही चार वाक्ये अनेक क्लबांच्या सभागृहांत फलकावर दिसतात. त्यांचा संबंध मुळात जाहिरातीच्या मजकुराशीही आला होता, याचे स्मरण मात्र क्वचितच ठेवले जाते. ‘भव्य’, ‘दिव्य’, ‘अभूतपूर्व’, ‘ऐतिहासिक’ ही विशेषणे आपल्याकडील निमंत्रणपत्रिकांत आणि वृत्तांतांत किती सहजपणे येतात, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. शिबिरात किती रुग्ण तपासले, त्यांपैकी किती जणांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि नंतर किती जणांची पुन्हा तपासणी झाली, हे तीन आकडे कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक बोलके असतात.

आपल्या भूमीत

१९२० साली कलकत्ता येथे रोटरी क्लबला सनद मिळाली. मुंबईचा क्लब १९२९ सालचा, तर भारतातील पहिला लायन्स क्लब १९५६ मध्ये मुंबईत स्थापन झाला. आरंभी या क्लबांचे वातावरण इंग्रजी होते. मोठी हॉटेले, दुपारचे भोजन आणि इंग्रजी भाषणे यांमुळे सामान्य माणसाला ते आपले वाटणे कठीण होते. १९६२-६३ मध्ये कलकत्त्याचे नितीश लाहरी हे रोटरीचे पहिले भारतीय जागतिक अध्यक्ष झाले. पुढे तालुक्याच्या गावांतही क्लब निघाले आणि कामकाजात मराठी रुळली.

लोकांपर्यंत पोहोचण्याची आपली स्वतःची परंपरा त्यापूर्वीच समृद्ध होती, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. पुणे सार्वजनिक सभेने १८७८ पासून आपले त्रैमासिक काढले होते. ‘ज्ञानप्रकाश’ हे जुने पत्र पुढे भारत सेवक समाजाच्या हाती आले. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांत फिरती वाचनालये नेली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या अनाथ बालिकाश्रमासाठी गावोगावी हिंडून वर्गणी गोळा केली आणि मिळालेल्या पैशाचा चोख हिशेब लोकांपुढे ठेवला. विधवांच्या शिक्षणाला समाजाचा कडवा विरोध असताना कर्व्यांवर लोकांचा विश्वास बसला, त्यामागे ही हिशेबाची शिस्त फार मोठी होती. वार्षिक अहवाल हे जनसंपर्काचे पहिले साधन आहे, हे महाराष्ट्र त्यांच्याकडून शिकला.

ग्रामीण भागातील नेत्रशिबिरांनी क्लबांना या मातीतली साधने शिकवली. इंग्रजी मासिकातील छायाचित्राने रुग्ण शिबिराला येत नाहीत. आठवडेबाजारात वाटलेले हस्तपत्रक, गावातील दवंडी, जीपवर बांधलेला ध्वनिक्षेपक, एस.टी. स्थानकाजवळची रंगवलेली भिंत, प्राथमिक शाळेचे गुरुजी आणि ग्रामपंचायतीचा फळा यांनीच माणसे शिबिरापर्यंत आणली. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी परत मिळालेली व्यक्ती गावी परतली, की पुढील वर्षीच्या शिबिराची जाहिरात करण्याचे काम तिच्याकडूनच होई.

दोन थेंबांचा संदेश

या शंभर वर्षांतील सर्वांत मोठी परीक्षा पोलिओच्या लढ्यात झाली. रोटरीने १९८५ साली ‘पोलिओप्लस’ कार्यक्रम हाती घेतला आणि बारा कोटी डॉलर जमवण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९८८ पर्यंत सुमारे दुप्पट निधी जमला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींच्या सहभागाने जगव्यापी पोलिओ निर्मूलन मोहीम सुरू झाली. भारतात १९९५ पासून देशभर पल्स पोलिओचे दिवस पाळले जाऊ लागले.

पैसा होता, लस होती, तरीही २००२ साली भारतात पोलिओचे १६०० रुग्ण आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते. डोस घेतल्याने मुले पुढे निपुत्रिक होतील, अशी अफवा काही वस्त्यांत पसरली होती. पाणी, गटारे, दवाखाना यांची विचारपूस कधी होत नाही, मग याच थेंबांसाठी सरकार वारंवार दारी का येते, हा तेथील लोकांचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. अशा ठिकाणी झगमगीत जाहिरात कामाला येत नाही. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील ‘दो बूंद जिंदगी की’ हा संदेश दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचला, परंतु बंद दार उघडले ते ओळखीच्या माणसाने. रोटरीने मुस्लिम उलेमांच्या समित्या स्थापन केल्या, युनिसेफने वस्तीतल्याच स्त्रियांना संपर्काचे काम दिले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ व जामिया मिल्लिया इस्लामिया यांसारख्या संस्थांनी साथ दिली. डोस घेतलेल्या मुलाच्या करंगळीवर शाईची खूण आणि घराच्या दारावर खडूने लिहिलेले अक्षर, एवढ्या साध्या चिन्हांनी प्रत्येक मुलाचा हिशेब राखला गेला.

२००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ही संख्या ४२ वर आली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेली एक लहान मुलगी ही नैसर्गिक विषाणूमुळे पोलिओ झालेली देशातील शेवटची रुग्ण ठरली. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. या यशाचे श्रेय शासन, आरोग्य कर्मचारी आणि असंख्य स्वयंसेवक यांचे सामाईक आहे. स्थानिक क्लबांचा त्यातला वाटा मोलाचा होता, कारण ज्या गावात संदेश द्यायचा, त्याच गावात ते राहत होते.

साधने बदलली, कसोटी तीच

काळाच्या ओघात मुख्य कार्यालयांकडून स्थानिक क्लबांना तयार साहित्य मिळू लागले. प्रसिद्धिपत्रकाचे नमुने, आकाशवाणी व दूरचित्रवाणीसाठी ध्वनिचित्रफिती, फलकांचे आराखडे असे त्याचे स्वरूप होते. लायन्सने १९८८ पासून मुलांसाठी शांतता भित्तिचित्र स्पर्धा सुरू केली, ज्यामुळे क्लबचे नाव शाळांतून घराघरांत पोहोचले. रोटरीने २०१३ साली आपल्या बोधचिन्हाची नवी मांडणी केली आणि संगणकावरून उतरवून घेता येईल असे साहित्य क्लबांसाठी खुले केले. २०१७ च्या प्रचारमोहिमेत सभागृहातल्या सत्कारांऐवजी प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांची चित्रे दाखवण्यावर भर होता. आता भ्रमणध्वनीमुळे छायाचित्र क्षणार्धात शेकडो लोकांपर्यंत जाते.

तयार नमुना उपयुक्त असतो, परंतु त्यातील रिकाम्या जागा स्थानिक कार्यकर्त्यालाच भराव्या लागतात. कार्यक्रम कोणासाठी, कोठे, केव्हा, त्याला मूल्य आहे की तो विनामूल्य आणि अधिक माहितीसाठी कोणाला भेटावे, या पाच गोष्टी पहिल्या चार ओळींत याव्यात. पाहुण्यांच्या नावांची यादी त्यानंतर आली तरी चालते. मदत स्वीकारणाऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीविना काढू नये. वह्या घेणाऱ्या बालकाची मान खाली आणि देणाऱ्यांचे चेहरे छायाचित्रकाराकडे, असे चित्र वर्तमानपत्रात पाहून त्या बालकाच्या मनाला काय वाटत असेल, याचा विचार आयोजकांनी अवश्य करावा. लेखापरीक्षण झालेला हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे सादर करणे हे महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्याच हिशेबाचा सोपा गोषवारा समाजापुढे ठेवला, तर कर्तव्य आणि जनसंपर्क ही दोन्ही कार्ये एकदम साधतात.

गुप्तदानाचे तत्त्व आणि जनसंपर्क यांत वस्तुतः विरोध नाही. गुप्त राहावे ते दात्याचे नाव आणि घेणाऱ्याची विवंचना. उघड असावा तो सेवेचा पत्ता आणि पैशाचा हिशेब. शिकागोचे स्वच्छतागृह, पिओरियाची काठी आणि दारावरची खडूची खूण ही तिन्ही कार्ये याच विवेकाची साक्ष देतात. पन्नास वर्षांची वाटचाल करणाऱ्या कोणत्याही संस्थेने पुढील वाटचालीचा संकल्प करताना हा विवेक जपला, तर समाजाचा विश्वास तिला उदंड लाभेल, यात संदेह नाही.